झाडांच्या खोलीचा आकडा

पुणे,
२८ मे २०२४

चि. रूपाली,
अनेक आशीर्वाद.

घराची किल्ली तुझ्या हाती देऊन निघालो त्याला आठवडा झाला. प्रवासात अनुपमाला फारसा त्रास झाला नाही. तिचे उपचार कालपासून सुरू झाले. डॉक्टर चार महिने म्हणतात, म्हणून मी पाच धरले आहेत. आमच्या आमोदचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे आणि इथली हवा इतकी कोरडी आहे की माझे ओठ फुटले. झाडं इथे आणली नाहीत ते बरंच झालं.

तू म्हणशील, घरोघरी फोन असताना सरांचं हे पत्रांचं खूळ कसलं. माझे कान गेले ते तुला माहीत आहे. आमोदच्या फोनवरून निरोप पाठवायचा तर तो सगळं वाचणार, आणि त्याच्या मते महाडचं घर बंद करून झाडं कुणालातरी देऊन टाकावीत. शिवाय नववीच्या वर्गात तुझ्याइतकं सुरेख अक्षर कुणाचं नव्हतं. ते मोडू नकोस.

आता कामाचं. वरच्या खोलीत एकवीस कुंड्या आहेत. पुरात खालची सगळी झाडं गेली, ही वाचली, म्हणून तुझ्या अनुपमाबाईंचा जीव त्यांच्यात अडकलेला. हंसराज, ऑर्किडं, अँथुरियम, ही सगळी हवेतल्या ओलाव्यावर जगणारी मंडळी. ओलावा कमी पडला की पानांच्या कडा करपतात, जास्त झाला की बुरशी धरते. भिंतीवरच्या पांढऱ्या यंत्रात वरचा मोठा आकडा ओलाव्याचा. तो साठ ते सत्तरच्या मध्ये राहिला पाहिजे. रोज दुपारी बघायचा आणि पत्रात कळवायचा. खालचा लहान आकडा तापमानाचा, तो लिहू नकोस, उगाच गोंधळ होईल.

पाऊस लागेपर्यंत कुंड्यांखालच्या ताटल्यांत खडे आणि पाणी ठेव, पाणी मुळांना लागता कामा नये. पाऊस लागला की सगळं उलट. ताटल्या कोरड्या करायच्या आणि खिडक्या घट्ट लावायच्या, फटीत कागद कोंबायचे. गेल्या श्रावणात खिडक्या उघड्या राहिल्या आणि नऊ ऑर्किडं कुजली. अनुपमा त्या दिवशी जेवली नव्हती. घरात दुसऱ्या कुणाला आणू नकोस, दार सारखं उघडलं की सगळी मेहनत वाया जाते.

निघताना तिने माझ्याकडून एकच वचन घेतलं आहे. ती परत येईल तेव्हा खोली जशीच्या तशी हवी. ते वचन आता तुझ्या भरवशावर आहे.

तुझा,
श्रीधर सर

*

महाड,
८ जून २०२४

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

आजचा आकडा ६३. काल ६१, परवा ५८ होता तेव्हा मी ओलं फडकं दोरीवर टाकलं, तासाभरात ६२ झाला. आता त्या यंत्राशी मी बोलायलाही लागले आहे. सुनील मुंबईहून आले की म्हणतील, बायको बिघडली.

झाडं छान आहेत. हंसराजाला नवीन कोंब आले आहेत, लहान मुलाच्या मुठीसारखे मिटलेले. बाईंना नक्की सांगा. त्यांनी मला दहावीत फी भरून पुन्हा बसवलं होतं, मी तरी नापास झाले, पण त्या कधी बोलून दाखवत नाहीत. त्यांची झाडं माझ्या हातून जाणार नाहीत.

एक विचारायचं होतं. पोलादपूरच्या वर आमची वाडी आहे तिथे पावसाळ्यात घर कोरडं ठेवायला चूल विझू देत नाहीत. खोलीत शेगडी ठेवतात, कपडे, धान्य सगळं त्यावरच वाळतं. पावसात आकडा फार चढला तर वरच्या खोलीत थोडा वेळ शेगडी ठेवू का?

बाईंना नमस्कार.

आपली,
रूपाली

*

पुणे,
१५ जून २०२४

चि. रूपाली,
आशीर्वाद.

तुझं पत्र अनुपमाला वाचून दाखवलं. मुठीसारखे कोंब हे तिला फार आवडलं, दोनदा वाचायला लावलं. परवा तिला बसवत नव्हतं, तुझ्या पत्रानंतर बसली.

शेगडीचं नाव काढू नकोस. धूर पानांवर बसला की पानांची भोकं बुजतात, झाडं गुदमरतात. त्या खोलीत अनुपमाने उदबत्तीसुद्धा कधी लावली नाही. तुमच्या वाडीचं शास्त्र तुमच्या वाडीत ठेव. ओलावा वाढला तर कळीचा चुना वाडग्यांत भरून कोपऱ्यात ठेवायचा, चुना ओलावा ओढतो. हे मी तुम्हाला आठवीत शिकवलं होतं, तू खिडकीबाहेर बघत असशील.

तुझा,
श्रीधर सर

*

महाड,
२४ जून २०२४

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

आकडा ८६. लिहायचा नव्हता, पण खोटं लिहिलं तर तुम्हाला कळेल असं वाटलं.

पाऊस चार दिवस हटलेला नाही. चुन्याचे सहा वाडगे ठेवले, एका दिवसात लगदा झाला आणि आकडा दोनने उतरला. खिडक्या बंद आहेत, फटीत कागद आहेत, तरी भिंतींना पाणी सुटतं. दोन ऑर्किडांच्या पानांवर काळे ठिपके आले आहेत. ती पानं कापून राख लावली. बाईंना हे सांगू नका.

बाकी घरी सगळं ठीक. मी एकटीच असते, दार फारसं उघडत नाही.

आपली,
रूपाली

*

पुणे,
१५ जुलै २०२४

चि. रूपाली,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. घरात थोडी धावपळ होती.

८६ हा आकडा वाचून मला राग आला आणि मग रागाचीच लाज वाटली. तुझा दोष नाही, पण आकडा उतरलाच पाहिजे. चुना दुप्पट कर, मिठाची पोती ठेव, काहीही कर. खिडकी मात्र उघडू नकोस, बाहेरची हवा पंच्याण्णवच्या वर असणार. अनुपमा रोज विचारते, आज आकडा किती. मी काय सांगू तिला? एवढी एकच गोष्ट तिच्यासाठी धड व्हावी असं मला फार वाटतं.

लवकर लिही.

तुझा,
श्रीधर सर

*

महाड,
२३ जुलै २०२४

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

आकडा ६७. काल ६६. सलग पाच दिवस सत्तरच्या आत आहे.

तुम्ही काहीही कर म्हणालात, तसं केलं. चुना वाढवला आणि आणखी थोडं माझ्या पद्धतीने. धुराचा कण खोलीत नाही, पानं रोज पुसते, फडकं पांढरंच राहतं. ठिपके थांबले. भिंती कोरड्या झाल्या. खिडक्या घट्ट बंद आहेत, एकही उघडलेली नाही.

फक्त त्या खोलीत तासभर बसलं की माझं डोकं जड होतं, मळमळतं. इतकी झाडं आहेत, ती आपल्या वाटणीची हवा घेत असतील का? शाळेत असं काहीतरी होतं, पण नीट आठवत नाही.

तुम्ही जेवणखाण वेळेवर करत जा, सर.

आपली,
रूपाली

*

पुणे,
३१ जुलै २०२४

चि. रूपाली,
शाबास.

सदुसष्ट! ऐन आषाढात, महाडमध्ये! चाळीस वर्षं शिकवूनही मला हे जमलं नसतं. पत्र घेऊन मी गॅलरीत गेलो आणि उजेडात पुन्हा वाचलं. कित्येक दिवसांनी काहीतरी नीट झालं असं वाटलं. अनुपमाला सांगितलं.

डोकं जड होतं ते तुझ्या उपाशीपणामुळे असेल, तू सोमवार धरतेस ते मला ठाऊक आहे. झाडांना घाबरू नकोस. रात्री ती थोडा प्राणवायू घेतात हे खरं, पण दिवसा सोडतात. दिवसा त्या खोलीत बसणं छातीला चांगलंच. आता खोली कोरडीही आहे. खालच्या ओलीत बसण्यापेक्षा दुपारी तिथेच पाठ टेकत जा.

तुझा,
श्रीधर सर

*

महाड,
९ ऑगस्ट २०२४

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

आकडा ६५. पांढऱ्या ऑर्किडाला दांडा फुटला आहे. कळ्या मोजल्या, सात आहेत.

तुमच्या पत्राने मोठी काळजी मिटली. खालच्या खोलीतली ओल खरंच छातीला वाईट, खोकला हटत नाही. तुम्ही लिहिल्याप्रमाणे दुपारचं वरच्या खोलीत झोपायचं ठरवलं आहे.

आपली,
रूपाली

*

पुणे,
४ सप्टेंबर २०२४

चि. रूपाली,
आशीर्वाद.

माझ्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. आकडा नाही. ऑर्किड फुललं का तेही कळलं नाही. आमोदला विचारलं तर तो विषय बदलतो. महाडच्या शेजारच्या चैत्रालीला विचार म्हटलं, तर म्हणाला, बाबा, नंतर बोलू. झाडं गेली असतील तर तसं लिही. मी रागावणार नाही. पण न कळणं मला आता सोसत नाही.

तुझा,
श्रीधर सर

*

महाड,
१२ सप्टेंबर २०२४

आदरणीय सर,

झाडं एकवीसच्या एकवीस जिवंत आहेत. माझ्या सासूबाई गेल्या.

तुम्ही म्हणाल, सासूबाई कुठून आल्या. सगळं सांगते. जूनमध्ये दरडीच्या भीतीने आमची वाडी खाली हलवायला सांगितली. बाकीच्यांना शाळेत जागा मिळाली. रखमाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दम्याच्या. शाळेच्या फरशीवर त्यांना कशी ठेवू? सुनील फोनवर म्हणाले, सरांचं घर पक्कं आहे, घेऊन जा. तुम्ही दुसऱ्या कुणाला आणू नकोस म्हणाला होतात, म्हणून कळवलं नाही. बाई इथे असत्या तर त्यांनीच आण म्हटलं असतं असं मनाला समजावलं.

त्या आधी खालच्या खोलीत असायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "रूपाले, ही खोली हाय का इहीर गो? भिती बी घामाघूम झाल्यात." खोकून खोकून रात्र काढायच्या.

आणि आकडा उतरला तो चुन्याने नाही. शेगडीने. तुम्ही धूर नको म्हणाला होतात. इस्त्रीवाल्याकडचा कोळसा अंगणात पेटवायचा, पुरता लाल झाला की वर न्यायचा, मग त्याला धूर नसतो. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या असंच करतात, कुणाला कधी काही झालं नाही. तुमचं शाबासकीचं पत्र आलं तेव्हा मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. दिवसा झाडांच्या खोलीत छातीला चांगलं असतं, असं सरांनी लिहिलंय म्हटल्यावर त्या खूश झाल्या. खोली कोरडी, उबदार. मला म्हणाल्या, "हिता बरं वाटतं गो, आपल्या चुलीम्होरं बसल्यासारखं." दोन आठवडे खोकलाही कमी होता. डोकं दुखतं म्हणायच्या, मी म्हटलं, उपासाने असेल.

चोवीस ऑगस्टला शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर त्या वर आडव्या झाल्या. पाऊस फार होता म्हणून कोळसा रोजच्यापेक्षा जास्त घातला. दार ओढून घेतलं आणि गणपतीच्या सामानाला बाजारात गेले. गौरीला त्यांना वाडीत जायचं होतं, दरड पडो नाहीतर काहीही होवो म्हणायच्या. त्यांना नवी चोळी घ्यायची होती. मला यायला अडीच तास लागले.

खोलीत शिरल्यावर मी आधी आकडा बघितला, सर. सवयीने. ६१ होता. मनात म्हटलं, आज सरांना कळवायला छान आहे. मग त्यांना हाक मारली.

चेहरा लालसर होता, उन्हातून आल्यासारखा. झोपल्याच आहेत असं वाटत होतं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, कोळशाचा वायू, बंद खोली, त्याला वास नसतो, कळत नाही. तुमच्या वाडीतल्या घरात कौलं असणार, त्यातून तो निघून जातो, इथे वर स्लॅब आहे. मला एवढंच कळलं की आमच्या गळक्या घरात त्या वाचल्या असत्या.

घाटातला रस्ता बंद होता, वाडीत नेता आलं नाही. सावित्रीच्या काठी, महाडातच केलं. सुनील दुसऱ्या दिवशी पोचले. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही, अजूनही विचारत नाहीत. दुखवट्यामुळे घरचा गणपती चुलत्यांनी बसवला.

चैत्रालीताईंनी आमोददादांना फोन केला होता. दादा म्हणाले, बाबांना आत्ता सांगू नका. म्हणून थांबले. पण तुम्ही आकडा विचारलात, तेव्हा राहवलं नाही.

शेगडी मी पेटवली. तुम्ही नको म्हटलं होतंत.

रूपाली

*

पुणे,
१९ सप्टेंबर २०२४

रूपाली,

आशीर्वाद लिहायला हात उचलला नाही. माझा आशीर्वाद घेऊन तू काय करणार?

शेगडी तू पेटवलीस. खिडक्या मी बंद करायला लावल्या. मी नको म्हटलं ते पानांसाठी. बंद खोलीत कोळसा माणूस मारतो हे मी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, फळ्यावर सूत्र लिहून शिकवलं, आणि तुला लिहिताना माझ्या डोक्यात फक्त पानांची भोकं आली. त्या ओळीत अजून चार शब्द लिहिले असते तर पुरलं असतं.

पुढचं ऐक. चुन्याने ८६ चे ६७ होत नाहीत. कोणत्याही शहाण्या माणसाला कळलं असतं की ती खोली तापवली जात आहे. हवा तापली की ओलाव्याचा आकडा आपोआप उतरतो. खालचा आकडा मी बघितला असता तर सदुसष्टच्या पत्रातच समजलो असतो. तो लिहू नकोस असं मीच तुला बजावलं होतं. तुझं डोकं दुखत होतं, मळमळत होतं. तेही तू लिहिलंस. यापेक्षा स्पष्ट कुणी काय लिहावं? मी तुला प्राणवायूचा धडा दिला. मला सदुसष्ट हवा होता, म्हणून मी सदुसष्टवर विश्वास ठेवला.

आणि आता जे लिहितो ते तुझ्यापासून लपवून ठेवलं होतं. अनुपमा तीस जूनला गेली. तुझं ८६ आकड्याचं पत्र आलं त्या दिवशी ती बेशुद्ध होती. त्यानंतरच्या एकाही पत्रातला आकडा तिने ऐकलेला नाही. ती रोज विचारते असं मी लिहिलं ते खोटं होतं. तिने मागितलेली एक गोष्ट तरी उरावी असं मला वाटत होतं. तुझी पत्रं मी तिच्या फोटोसमोर मोठ्याने वाचायचो. माझं वाचणं मला ऐकू येत नाही, ती ऐकत असेल असं धरून चालायचो.

म्हणजे तुझ्या सासूबाई जिच्या झाडांसाठी गेल्या, ती तेव्हा नव्हतीच. माफी मागण्याचा मला हक्क नाही. खिडक्या उघड. झाडं उकिरड्यावर टाक. घरात हवं तितके दिवस राहा, हव्या त्या माणसांना आण.

श्रीधर

*

महाड,
३० सप्टेंबर २०२४

सर,

बाई गेल्याचं मला एक जुलैलाच कळलं होतं. चैत्रालीताईंनी सांगितलं. मी वरच्या खोलीत बसून खूप रडले. सासूबाईंनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, आता ही झाडं कुणासाठी. मी म्हटलं, सरांचं पत्र येऊ दे.

पत्र आलं त्यात बाई रोज आकडा विचारतात असं होतं. मी ते तीनदा वाचलं. मला समजलं की विचारणारे तुम्हीच आहात. मी काही लिहिलं असतं तर बाई गेल्या हे तुम्हाला स्वतःच्या हाताने लिहावं लागलं असतं. म्हणून गप्प राहिले आणि आकडा उतरवायच्या मागे लागले. त्याआधी शेगडी वर नेली नव्हती. ते पत्र आलं त्याच संध्याकाळी पहिल्यांदा नेली.

खिडकी एकदा उघडावी असं रोज मनात यायचं. बाई असत्या तर मी सरळ कळवलं असतं, बाई, घरात म्हातारं माणूस आहे, झाडं गेली तर जाऊ द्या. त्यांनी ऐकलं असतं. गेलेल्या माणसाला कसं विचारणार? म्हणून बंद ठेवली.

तुमच्यावर माझा राग आहे. खोटं कशाला सांगू. पण सगळा तुमच्यावर टाकता येत नाही, अर्धा माझ्याकडेच उरतो, आणि तो कुणाला देता येत नाही. सुनील बोलत नाहीत तोवर तो असाच राहणार.

झाडं उकिरड्यावर टाकलेली नाहीत. टाकायला उचलली होती, पांढऱ्या ऑर्किडाची सातही फुलं उमललेली आहेत, हात झाला नाही. मी दसऱ्याला वाडीत जाणार आहे. किल्ली चैत्रालीताईंकडे ठेवीन. तोवर रोज पाणी घालते, त्यापुढे ती जगतील की मरतील ते मी बघणार नाही.

फटीतले कागद काढले. खिडक्या सताड उघड्या आहेत, वरची खोली आता खालच्यासारखीच ओली झाली आहे. हंसराज काळा पडायला लागला.

आजचा आकडा ८८. खालचा आकडा २६. तुम्ही मागितला नव्हता, तरी लिहिते आहे.

रूपाली